पहिली हाक

प्रिय खळी,

तुझं नाव कागदावर लिहिताना अडखळले. बाबांनी तुला दिलेलं नाव म्हणजे गालावर बोट टेकवायचं आणि किंचित फिरवायचं. ते लिहिता येत नाही, म्हणून खळी. तू परत गेल्यापासून चार वेळा व्हिडिओवर आलीस आणि चारही वेळा नेटवर्क खराब आहे असं दाखवून मी दोन मिनिटांत फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं. तू माझे हात बघण्याआधी माझा चेहरा बघतेस, आणि तो मला तुला दाखवायचा नव्हता. हातांनी मी काहीही सांगू शकते, चेहऱ्याचं तसं नाही. म्हणून पत्र. मला पत्रं लिहायची सवय नाही. वॉर्डांच्या चिठ्ठ्या सोडल्या तर गेल्या कित्येक वर्षांत मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा मागचं पुढे झालं तर सांभाळून घे.

आधी बातमी सांगते. बाबा गेले त्याला उद्या तीन आठवडे होतील. हॉस्पिटलनं चौकशी नेमली हे तुला माहीत आहे. तिची शेवटची बैठक परवा, शुक्रवारी सकाळी दहाला आहे. त्या दिवशी अहवाल वाचून दाखवतील आणि सह्या होतील. त्यात काय लिहिलंय ते मला टायनं आधीच सांगितलं. टाय म्हणजे आमचे नवे मॅनेजर, तू त्यांना ओझरतंच पाहिलंस. तळघरातल्या उकाड्यातही त्यांच्या गळ्यातला टाय सुटत नाही, म्हणून लाँड्रीतल्या वेणीनं पहिल्याच दिवशी गळ्याशी गाठ आवळण्याची खूण करून त्यांचं बारसं केलं. तर टाय म्हणाले, लाँड्रीत यापुढे ऐकू न येणारी माणसं ठेवायची नाहीत. अकराच्या अकरा जणांना मागच्या इमारतीत एका वेगळ्या खोलीत बसवायचं आणि कापसाचे बोळे पाकिटात भरायचं काम द्यायचं. वर म्हणाले, “बाई, आम्ही कुणाला काढत नाही आहोत. उलट काळजीच घेतोय. उद्या आणखी एकाचं असं झालं तर तुम्हाला तरी झोप येईल का?” मी मान डोलावली. खोलीबाहेर आल्यावर जिन्यातच बसले.

तुझ्या मालकीणबाईंचाही मेसेज आला आहे. दोन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे येऊन ते इशाऱ्याचे लाल दिवे बघून गेल्या होत्या आणि मग तुझ्या काचा घासायच्या टेबलावर तसाच एक बसवून घेतला होता, आठवतं ना. त्यांनी अगदी आदबीनं विचारलंय, “चौकशीत काय निघालं ते कळवाल का? आमच्याकडेही तोच दिवा आहे, म्हणून विचारते.” चार दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही. मेसेज उघडते आणि बंद करते. तिथली तू एकटीच ऐकू न येणारी आहेस. त्या दिव्याच्या भरवशावर त्यांनी तुला ठेवलं आहे, हे मला कळतं.

घरात मला भीती वाटते. चोराचिलटाची नाही. स्वयंपाकघरात शिरताना मी अजून दोनदा दिवा लावते आणि मालवते, भर दुपारीसुद्धा. बाबा पाठमोरे असले तर दचकू नयेत म्हणून सव्वीस वर्षं लावलेली सवय, ती जात नाही. मग मी उंबऱ्यात थांबते, कुणीतरी वळून बघेल म्हणून. कुणी वळत नाही आणि मला पुढे पाऊल टाकवत नाही. दारावरची घंटा कुणी दाबली की बाहेरच्या खोलीतला बल्ब लुकलुकतो. वाटतं, आले, मला न्यायला आले. हात पुसून दार उघडावं तर इस्त्रीचे कपडे घेऊन पोऱ्या, नाहीतर दूधवाला. काल तर दूधवाल्याला मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “काही नाही हो, दूध झालं.” एरवी मी हसले असते. रस्त्यात कुणी कुणाला मोठ्यानं हाक मारली तर मी जागच्या जागी थिजते. मागची माणसं आदळतात, बोलतात, “अहो बाई, चला की!” आणि मी तशीच उभी.

तू लहानपणी सुट्टीत येऊन बसायचीस तेव्हा होती तशीच लाँड्री अजून आहे. उतारावरून मळक्या कपड्यांच्या ट्रॉल्या खाली येतात, उताराच्या पायथ्याशी ते मोठं टेबल, तिथं बाबा आणि वेणी कपडे निवडायचे. डावीकडे मिशीची धुण्याची यंत्रं, पलीकडे वाळवणी, इस्त्रीचा लांबलचक रोलर. यंत्रं चालू झाली की तिथं कान असून नसून सारखेच. मिशी हा ऐकू येणारा माणूस, पण वीस वर्षांत तो खुणांनीच भांडायला शिकला. मागे एक नवीन आलेला त्याला म्हणाला, “या बहिऱ्या लोकांत तुम्ही काम कसं करता हो?” मिशीनं कानाला हात लावला, “काय? मोठ्यानं बोल.” तो ओरडला. मिशी पुन्हा, “काय?” चौथ्यांदा ओरडून त्याचा घसा बसला तेव्हा मिशीनं त्याला हातवारे करून सांगितलं, आता ठरव कोण बहिरं ते. सगळी लाँड्री हसली होती. बाबांना तो किस्सा इतका आवडायचा की पाहुणा आला की मिशीला करून दाखवायला लावायचे. आणि दाखल्यावरचा ‘मूकबधिर’ हा शब्द त्यांना कधी पटला नाही. म्हणायचे, बधिर ठीक, मूक कुठलं? जेवताना हात गुंतलेले असतात तेवढाच काय तो वेळ आम्ही गप्प.

ते दिवे बाबांनीच भांडून लावून घेतले होते, तुझ्या जन्माच्या आधी. चार लाल दिवे, आणि सगळ्यांचं बटण माझ्या टेबलाच्या कडेला. निवडायच्या टेबलावरचा दिवा त्यांनी मुद्दाम खाली, कोपराच्या उंचीला बसवायला लावला. कारण निवडणाऱ्याची मान कायम खाली असते. दिवा लागला की पांढऱ्या चादरींवर लाल उजेड पडतो, मान खाली असली तरी तो दिसायचा राहत नाही. एकदा दिवा म्हणजे इकडे बघा. दोनदा म्हणजे हातातलं टाका आणि भिंतीला लागा. दर सोमवारी सकाळी मी दोनदा बटण दाबायची आणि सगळे भिंतीला लागायचे. बाबा कायम पहिले, मिशी कायम शेवटचा, आणि उशीर का झाला याचं त्याच्याकडे दर सोमवारी नवं कारण. नव्या माणसाला शिकवायचं काम माझं. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला हेच सांगायची की इथं हाक मारायची नाही, दिवा लावायचा. ऐकू येणाऱ्यांनाही हेच. निदान शंभर माणसांना तरी मी हे सांगितलं असेल. त्यांच्यात माझं नाव ‘कान’. बोटानं कानाची पाळी धरायची. सुरुवातीला सगळ्या टेबलांवर मिळून ऐकू येणारी मी एकटीच होते, म्हणून बाबांनीच ठेवलं. लग्नाच्या आधीची गोष्ट आहे ही.

लग्नाची गोष्ट तुला मी कधी नीट सांगितली नाही. बाबांनी सांगितली ती फार चढवून सांगितली. मी काही त्यांच्या प्रेमात वेडीबिडी झाले नव्हते. मला त्यांच्याजवळ बोलावं लागत नाही याचं बरं वाटायचं, एवढंच. मी आधीच घुमी. घरी सांगितलं तेव्हा तुझे आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “पोरी, उद्या न्हाणीघरात पाय घसरून पडलीस तर हाक कुणाला मारशील?” मी म्हटलं, शेजाऱ्यांना. आजी हसली आणि काम झालं. आजी दिवसभर आजोबांना ‘अहो’ म्हणायची. अहो, पाणी आलं. अहो, ऐकलंत का. अहो, छत्री राहिली. आमच्या घरात घड्याळाच्या टिकटिकीसारखा तो शब्द होता. लग्नानंतर माझ्या वाट्याला तो आलाच नाही. बाबांना बोलवायचं तर मी जमिनीवर टाच आपटायची, नाहीतर दिवा, नाहीतर खांद्यावर हात. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, खरंच सांगते. आजीला चारचौघांत नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायला जन्मात मिळालं नव्हतं. मग तू झालीस. डॉक्टरांनी तुझ्या कानाशी टाळ्या वाजवून बघितल्या आणि तोंड पाडून आम्हाला सांगितलं. बाबांनी मला विचारलं, डॉक्टर इतका घाबरला का आहे? त्या दिवसापासून आपल्या घरात मी एकटीच ऐकणारी. तुम्ही दोघं जेवताना इतक्या भरभर बोलायचात की कधीकधी मलाच कळायचं नाही आणि तू मला लहान मुलाला सांगावं तसं हळूहळू करून सांगायचीस. तेव्हा वाटायचं, या घरात मला सांभाळून घेतलं जातं आहे.

तू परत गेल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “त्या दिवशी एवढी माणसं आली तुमच्याकडे, पण घर किती शांत होतं हो!” मी म्हटलं, शांत नव्हतं. त्या दिवशी त्या एका खोलीत जेवढं बोलणं झालं तेवढं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. तू होतीस, तू पाहिलंस. वेणी तेव्हापासून रोज संध्याकाळी येते. तिची वेणी आजारपणात गेली, आता केस कानाच्या वर आहेत, पण नाव वेणीच. भाजी निवडून देते, कांदे चिरून ठेवते, जाते. फार बोलत नाही. मला वाटायचं, दुःखामुळे.

आता बाबा गेले त्या दिवसाचं. तुला जे सांगितलं ते असं की वरच्या ट्रॉलीचा ब्रेक सुटला, ती उतारावरून आली, बाबा पाठमोरे होते, मी इशाऱ्याचा दिवा लावला पण त्यांचं लक्ष गेलं नाही. चौकशीच्या पहिल्या बैठकीतही हेच ठरलं. वरच्या मजल्यावरची ती गार खोली, लांब टेबल, टाय, एक डॉक्टरीणबाई आणि एक इंजिनियर. मला साक्षीलाही बोलावलं होतं आणि खुणा समजावून सांगायलाही, कारण तिथं खुणा येणारं दुसरं कुणी नाही. घरून निघताना मी ठरवून गेले होते की काय झालं ते जसंच्या तसं सांगायचं. इंजिनियरनी मला विचारलं, “तुम्ही बटणाशीच होतात. इशारा दिलात ना?” मी तोंड उघडलं. आवाज निघेना. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “राहू द्या, त्यांना नका त्रास देऊ. दुसऱ्या साक्षीदाराला विचारू.” मी पाणी प्यायले. मग वेणीला आत बोलावलं. प्रश्न मी खुणांनी करायचा आणि तिचं उत्तर तोंडानं सांगायचं. इंजिनियर म्हणाले, “त्यांना विचारा, दिवा लागला होता का?” मी विचारलं. वेणीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहत उत्तर दिलं. लागला. दोनदा. त्यांची मान खाली होती. आणि मी त्या खोलीत मोठ्यानं म्हणाले, “लागला. दोनदा लागला. त्यांची मान खाली होती.” माझ्या आवाजात. इंजिनियरनी पेन खाली ठेवलं आणि टायकडे वळून म्हणाले, “म्हणजे दिवा असूनही उपयोग नाही.” त्या एका वाक्यावर अख्खा अहवाल उभा आहे, खळी.

दिवा लागला नव्हता. मी लावला नाही.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. मी चिठ्ठ्या लावत होते. यंत्रांच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही, पण डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं म्हणून मान वर केली. ट्रॉली उताराच्या वरच्या टोकाला होती आणि तिच्यामागे माणूस नव्हता. भरलेली ट्रॉली चार माणसांच्या वजनाची. आधी ती अगदी हळू निघाली, जणू कुणीतरी ढकलत आणतंय. बाबा खाली वाकून चादर सोडवत होते. माझा हात बटणावर गेला. तो गेला हे मला पक्कं आठवतं. गार प्लॅस्टिक बोटांखाली लागलं. आणि मी ओरडले, “अहो!” एकदा नाही, दोनदा. सगळा जोर त्या शब्दात गेला, बोटात उतरलाच नाही. सव्वीस वर्षांत मी त्यांना कधी तशी हाक मारली नव्हती. तो शब्द माझ्या आत कुठे होता आणि त्याच वेळी का वर आला, मला माहीत नाही. दुसऱ्या ‘अहो’नंतर त्यांनी मान वर केली, पण ती चादर झटकायला. मी नंतर एकदा दुपारी सगळे जेवायला गेले असताना रिकाम्या ट्रॉलीबरोबर तो उतार उतरून पाहिला. चार आकडे मोजून होतात. सोमवारच्या सरावात बाबांना भिंतीला लागायला दोन लागायचे.

मिशी म्हणतो, “वहिनी, ब्रेक झिजलेला होता, दोनदा लिहून दिलं होतं, चूक त्यांची आहे.” ते खरं आहे, आणि मी शुक्रवारी तेही सांगणार आहे. पण ब्रेक झिजणार, दोर तुटणार, पाय घसरणार हे धरूनच तो दिवा लावला होता. माझं काम तेवढंच होतं. घाबरल्यावर मी ऐकणाऱ्या माणसासारखी वागले, ज्यांच्यात अर्धं आयुष्य काढलं त्यांच्यासारखी नाही, आणि बाबांना त्याची किंमत मोजावी लागली.

गेल्या रविवारी मी वेणीला विचारलं. ती मटार सोलत होती. मी टाच आपटली, तिनं वर पाहिलं. मी विचारलं, तू खरंच दिवा पाहिलास का? मला वाटत होतं, तिला तसं वाटलं असेल, दिवा लागतोच म्हणून लागला असेल असं धरून ती बोलली असेल. तिनं शेंगा बाजूला ठेवल्या, हात पदराला पुसले, आणि सावकाश सांगितलं. दिवा नाही पाहिला. तुझं तोंड पाहिलं. एवढं मोठं उघडलेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाली, तुझा हात बटणावर होता. दाबलं नव्हतंस. मी विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे? तिनं हात गोल फिरवला. सगळ्यांना. मीच सांगितलं. मग सगळ्यांनी ठरवलं. मी विचारलं, मग खोटं का बोललीस? तर माझ्यावर चिडली. तिची ती खूण तुला माहीत आहे, कपाळावर टिचकी मारण्याची. म्हणाली, आम्ही अकरा आहोत. दुसऱ्या खोलीत बसवलं तर तिथंही भांडू, हसू, टायची नक्कल करू. तू एकटी आहेस. तुला ते खाऊन टाकतील. आणि शेवटी डोळे मिचकावून म्हणाली, आमच्याकडे कान एकच आहे, तो कापून कसा देऊ?

मला भरून यायला हवं होतं. मला धडकी भरली. कारण इंजिनियरचं ते वाक्य मी त्यांना कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं की बाबा गेले म्हणून आपल्याला हलवतायत, जे व्हायचं ते होणारच होतं, मग निदान मला तरी वाचवावं. मी तिला सगळं सांगितलं. तू लागला म्हणालीस, म्हणून ते म्हणतात दिवा निरुपयोगी. दिवा निरुपयोगी, म्हणून तुम्ही अकरा जण नकोत. आणि इथून हे पुढेही जाईल, खळीच्या कारखान्यात, जिथं जिथं हा दिवा आहे तिथं. वेणीच्या मांडीवरचे मटार एकेक करून घरंगळले आणि तिनं ते उचलले नाहीत. मग तिनं दोनच खुणा केल्या. तरी नको. आणि उठून गेली. सोमवारी कामावर मी बटण दोनदा दाबलं, सराव म्हणून. मिशी आणि बाकीचे दहा जण भिंतीला लागले. वेणी टेबलाशीच उभी राहिली, माझ्याकडे बघत. लाल उजेड तिच्या हातांवर पडत होता. तो दिसत नाही असं कुणीही शपथेवर सांगू शकणार नाही.

शुक्रवारी मी उभी राहून सांगणार आहे. निवडायच्या टेबलाशी इंजिनियरना मान खाली घालून उभं करणार आहे आणि बटण दाबणार आहे. वेणीवर खोटं बोलल्याचा ठपका येईल, त्यासाठी मी आधीच सांगेन की तिचं उत्तर मी तोंडानं बोलले आणि ते खोटं आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. कामावरून मला काढतील असं वाटतं. त्यापुढे काय करतील ते माहीत नाही. कदाचित पोलिसांकडेही जावं लागेल. तुझ्या मालकीणबाईंना मी याच पाकिटातून वेगळी चिठ्ठी पाठवते आहे, ती त्यांना दे. त्यात दिव्यात दोष नव्हता एवढंच लिहिलंय आणि खाली सही केली आहे.

आता हे सगळं तुला आजच का कळवते ते. शुक्रवारनंतर तुला कळलंच असतं, मीही तेव्हा सांगू शकले असते. पण मागच्या वेळी मी पाण्याचा ग्लास हातात घेतला आणि गप्प बसले. मी स्वतःला सांगत होते की नोकरीच्या भीतीनं बसले, शिक्षेच्या भीतीनं बसले. तसं नव्हतं. त्या खोलीत माझ्या डोळ्यांसमोर फक्त तू होतीस. तुला हे कधीच कळू नये, तू मला त्या नजरेनं कधीच पाहू नयेस, एवढ्यासाठी मी अकरा माणसांना मागच्या इमारतीत पाठवायला तयार झाले होते. परवा कुणी मायेनं थांबवलं तर मी पुन्हा तशीच बसेन, मला माझी खात्री नाही. म्हणून तुला आधी सांगून टाकते आहे. हे पत्र पेटीत पडलं की त्या खोलीत लपवण्यासारखं माझ्याजवळ काही राहणार नाही, मग मी बोलू शकेन. माफ कर असं लिहिणार नाही, तेवढं तुझ्याकडे मागायचा धीर मला नाही. लगेच काही ठरवलं नाहीस तरी चालेल. पोस्टाची पेटी चारला उघडतात, आत्ता साडेतीन झालेत. इथं बसून राहिले तर हे फाडून टाकेन, म्हणून पुन्हा न वाचताच पाकीट बंद करते आणि चपला घालते.

तुला चालत असेल तर तुझीच,
आई